मामा वरेरकरांच्या कादंबऱ्या आणि आपली घरे



"फादर, मुलींनी कादंबऱ्या वाचाव्यात काय?" हा प्रश्न आम्हांस मच्छे परिसरात अजूनही विचारला जातो. विचारणारे बहुधा वडील असतात. आईला तो प्रश्न पडत नाही. तिला स्वतःलाच वाचावयाचे असते आणि सवड मिळत नाही. मोबाईलवर रात्री अकरापर्यंत काय पाहिले जाते याची ज्या घरात कोणी विचारपूस करीत नाही, त्याच घरात पुस्तकाची मात्र कसून चौकशी होते, ही एक मौजच म्हणावयाची! असो. एके काळी रोममध्ये निषिद्ध ग्रंथांची यादी असे. 1966 साली त्या यादीची सक्ती संपली आणि निवडीचा भार आपल्या सदसद्विवेकबुद्धीवर येऊन पडला. तेव्हा 'वाचावे काय' यापेक्षा 'काय वाचावे' हाच प्रश्न अधिक उपयोगाचा होय. त्याचे एक उत्तर म्हणून आज आम्ही एका थोर नाटककाराचे नाव सुचवीत आहोत. परंतु ते त्याच्या नाटकांकरिता नव्हे.

भार्गवराम विठ्ठल वरेरकर, म्हणजे अवघ्या महाराष्ट्राचे 'मामा', यांचा जन्म 27 एप्रिल 1883 रोजी चिपळूण येथे झाला. तरुणपणी त्यांनी टपाल खात्यात नोकरी केली. मन मात्र रंगभूमीकडे ओढ घेत होते. 'कुंजविहारी' हे त्यांचे नाटक 1908 साली रंगभूमीवर आले. त्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी आपल्या शेजारच्या हुबळी शहरात केशवराव भोसले यांनी 'ललितकलादर्श' ही नाटक मंडळी स्थापन केली, आणि पुढे याच मंडळीने मामांची गाजलेली नाटके लोकांपुढे आणली. 'हाच मुलाचा बाप' हुंड्यावर, 'तुरुंगाच्या दारात' अस्पृश्यतेवर, 'सोन्याचा कळस' गिरणी कामगारांवर. विषयांची ही यादी पाहिली तरी गृहस्थ कोणत्या जातीचा लेखक होता ते कळते. राजे-राण्या आणि अप्सरा यांच्या गर्दीत त्याने हुंडा मागणारा बाप आणून उभा केला. 1944 साली धुळे येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, 1956 साली राष्ट्रपतींनी त्यांस राज्यसभेवर नेमले, 1959 साली पद्मभूषण हा किताब मिळाला, आणि 23 सप्टेंबर 1964 रोजी दिल्ली येथे त्यांचा अंत झाला.

हुंड्याचा उल्लेख आला आहे, म्हणून जाता जाता एक गोष्ट सांगावीशी वाटते. हुंडाबंदीच्या विधेयकावर लोकसभा व राज्यसभा यांचे एकमत होईना, म्हणून मे 1961 मध्ये संसदेची संयुक्त बैठक बोलवावी लागली. स्वतंत्र भारतातील ती अशी पहिली बैठक. त्या वेळी मामा राज्यसभेचे सभासद होते. ज्या विषयावर त्यांनी चाळीसहून अधिक वर्षांपूर्वी नाटक लिहिले, तो विषय त्यांच्या उतारवयात देशाचा कायदा झाला. लेखकाच्या वाट्याला असा योग क्वचितच येतो. कायदा झाला, हुंडा गेला काय, हे आमच्या वाचकांनी आपापल्या घरच्या लग्नाचा हिशेब काढून पाहावे. आपल्या ख्रिस्ती घरांतून त्यास 'हुंडा' म्हणत नाहीत, 'मुलीला प्रेमाने दिले' असे म्हणतात, एवढाच काय तो फरक.

आता मुख्य विषयाकडे वळतो. ज्याला रंगभूमीने एवढे यश दिले त्याने कादंबरीच्या वाटेला का जावे?

याचे एक कारण काळाचे आहे. 1931 साली 'आलम आरा' हा पहिला बोलपट आला, 1932 साली कोल्हापूरच्या प्रभात कंपनीचा 'अयोध्येचा राजा' आला, आणि गावोगाव हिंडणाऱ्या नाटक मंडळ्यांचा संसार पाहता पाहता उठू लागला. परंतु आमच्या मते खरे कारण याहून खोल आहे, कारण मामांची 'विधवाकुमारी' ही कादंबरी बोलपटाच्या आधीची, 1928 सालची आहे. नाटकाला थिएटर लागते, कंपनी लागते, तिकिटाचे पैसे लागतात, आणि मुख्य म्हणजे रात्री घराबाहेर पडण्याची मुभा लागते. ज्या स्त्रीविषयी नाटक लिहावयाचे ती स्त्री बहुधा त्या नाटकाला येऊच शकत नसे. तिचा बाप येई, भाऊ येई, टाळ्या वाजवून घरी जाई, आणि तिच्या खोलीचा दरवाजा होता तसाच राही. कादंबरी मात्र त्या दरवाजाच्या फटीतून आत जाते. चुलीपाशी बसून, दळण-कांडण आटोपल्यावर, लपवूनसुद्धा ती वाचता येते. वाचनालयाच्या एका प्रतीवर गल्लीतल्या दहा जणींची बोटे फिरतात. मामांना आपला खरा वाचक कोठे बसला आहे हे ठाऊक होते, असे आम्हांस वाटते.

'विधवाकुमारी' या नावातच सारी कथा आहे. हे दोन शब्द एका ठिकाणी यावयाचे नाहीत, अशी लोकांची समजूत होती. जी विधवा ती कुमारी कशी? आणि जी कुमारी तिला वैधव्य कोठून? पण ज्या समाजात बाहुलीशी खेळण्याच्या वयात मुलीचे लग्न लावले जाई, आणि नवरा म्हणजे काय हे कळण्यापूर्वीच तो मरून जाई, त्या समाजात हे दोन्ही शब्द एकाच मुलीला लागू पडत. मामांनी ते एकत्र जोडले आणि पुस्तकाच्या वेष्टनावरच समाजाची साक्ष काढली. हे नाव उच्चारताच ऐकणारा क्षणभर अडखळतो. मामांना तेच हवे होते.

येथे आपल्या बेळगावचा अभिमान क्षणभर बाळगण्यास हरकत नाही. विधवांच्या दुःखावर मराठीत पहिली कादंबरी लिहिली गेली ती 1857 साली, 'यमुनापर्यटन' या नावाने. किंबहुना मराठीतील पहिली स्वतंत्र कादंबरी म्हणून तिचेच नाव घेतले जाते. तिचे कर्ते बाबा पदमनजी यांचा जन्म 1831 साली बेळगावचा, आणि ते ख्रिस्ती होते. प्रॉटेस्टंट पंथाचे होते हे खरे. पण म्हणून त्यांच्या पुस्तकाला आपल्या घरात प्रवेश नसावा असे म्हणण्याचे दिवस गेले. त्यांची यमुना आपल्या पतीबरोबर देश हिंडते, ठिकठिकाणी विधवांचे हाल पाहते, पुढे तिच्यावरच वैधव्य ओढवते, आणि शेवटी ती ख्रिस्ती होऊन पुन्हा लग्न करते. पदमनजींची यमुना आणि मामांची विधवाकुमारी यांच्यामध्ये एकाहत्तर वर्षांचे अंतर आहे. विधवाविवाहाचा कायदा तर त्याही आधीचा, 1856 चा. इतक्या वर्षांनंतरही मामांना तोच विषय नव्याने हाती घ्यावा लागला, याचा अर्थ वाचकांनीच करावा.

पदमनजींच्या पुस्तकात ख्रिस्ती होताच यमुनेची वाट मोकळी होते. मनातल्या मनात आपण ख्रिस्ती लोक त्यावर खूश होतो. 'आमच्यात असले काही नाही,' असे म्हणतो. शास्त्रापुरते हे खरेच आहे. पतीच्या मरणाने विवाहबंधन सुटते आणि विधवेला पुनर्विवाहाची पूर्ण मोकळीक आहे, हे संत पौलाने रोमकरांस व करिंथकरांस लिहिलेल्या पत्रांत स्पष्ट केले आहे. तरुण विधवांनी लग्न करावे असा सल्लाही त्याच्या नावाच्या पत्रात आहे. ख्रिस्तसभेचा नियम तोच आहे. पण गावाचा नियम काय आहे? लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नवरीला नारळाच्या दुधाचा रोस लावतात तेव्हा पहिली कोण, दुसरी कोण, याचे मानपान होतात. त्या वेळी घरातली विधवा काकू कोठे असते? ती आत भांडी मोजीत असते. तिला कोणी 'येऊ नको' म्हणत नाही. तिलाच ते समजते.

गाव सांगत नाही, घरही सांगत नाही. पण सत्तावीस वर्षांची, एका मुलाची आई असलेली एक विधवा आम्हांस ठाऊक आहे. तिच्यासाठी चांगले स्थळ आले होते. मुलगा आपल्याच धर्माचा, कामावरचा, मुलाला आपले म्हणण्यास तयार. अडथळा आणला तो सासूने नव्हे, तर तिच्या स्वतःच्या भावाने. 'धाकट्या बहिणीचे लग्न व्हावयाचे आहे, लोक काय म्हणतील?' धाकटीचे लग्न झाले. थोरलीचे स्थळ गेले. या भावाने 'विधवाकुमारी' वाचली असती तर त्याने निराळा निर्णय घेतला असता असे आम्ही म्हणत नाही. पुस्तके इतकी बलवान नसतात. पण त्याच्या आईने, आणि त्या धाकट्या बहिणीने ती वाचली असती, तर घरात निदान एक प्रश्न तरी मोठ्याने विचारला गेला असता.

'धावता धोटा' ही मामांची दुसरी महत्त्वाची कादंबरी, 1933 सालची. तिचा विषय 'सोन्याचा कळस' या 1932 सालच्या नाटकाचाच, मुंबईच्या गिरणीतील मालक व मजूर यांचा. बेळगावकडील वाचकांस धोटा म्हणजे काय हे सांगावयास नको. वडगाव, खासबाग, शहापूर या भागांतून मागांचा खडखडाट ज्याने ऐकला आहे, त्याला धोटा इकडून तिकडे कसा धावतो, ताण्यातून बाणा कसा ओवतो, आणि विणकराचे डोळे त्याच्यामागे कसे धावत राहतात हे ठाऊक आहे. धोटा धावतो, कापड वाढते, आणि धावणाऱ्या धोट्याच्या पदरात मात्र एक धागाही उरत नाही. मजुराच्या आयुष्याला याहून नेमकी उपमा कोणती द्यावी?

टपाल खात्यातील नोकरीचा या कादंबरीशी काही संबंध असावा, असा आमचा आपला एक तर्क आहे. कोकणातील घरेच्या घरे त्या काळी मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरीवर जगत. आपल्याकडचेही चंदगड, आजरा, खानापूर भागांतील कितीतरी लोक गिरणीत होते. आमच्या वाचकांपैकी काहींचे आजोबा त्यांत असतील. टपाल खात्यातील माणसाला गिरणीचा भोंगा ऐकू येत नाही. परंतु महिन्याकाठी कोणाच्या घरी किती रुपये आले, कोणाचे यावयाचे थांबले, आणि ते थांबल्यावर कोणती बाई तीन-तीनदा खेपा घालून रिकाम्या हाताने परत गेली, हे त्याला बरोबर ठाऊक असते. 1928 साली मुंबईच्या गिरण्यांत सहा महिन्यांचा प्रचंड संप झाला. वर्तमानपत्रांनी सभा मोजल्या, मिरवणुका मोजल्या. या बाईच्या खेपा कोणी मोजल्या असतील?

या विषयात मामांनी बिजली ही कामगार तरुणी उभी केली. नवऱ्यामागून किंवा बापामागून मुकाट्याने चालणारी ती नव्हे. स्वतः बोलणारी, चारचौघांत उभी राहणारी. फडके यांच्या नायिका मोटारीतून हिंडत आणि खांडेकरांच्या नायिका ध्येयासाठी झुरत, त्या काळात ही मुलगी गिरणीत राबून आपल्या मजुरीचा हिशेब मागत होती. हे सोपे काम नव्हते.

मामा हे लिहीत होते त्याच सुमारास रोममध्ये काय चालले होते, हे आपल्या वाचकांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पोप तेरावे लिओ यांनी 15 मे 1891 रोजी 'रेरुम नोवारुम' हे परिपत्रक काढले. मजुराला त्याचे कुटुंब जगेल एवढे वेतन मिळणे हा त्याचा न्याय्य हक्क आहे, मालकाने दिलेला तो धर्मादाय नव्हे. मजुरांनी आपले संघ स्थापन करणे गैर नाही. रविवारची विश्रांती हिरावून घेता येत नाही, हे त्यात निःसंदिग्धपणे सांगितले. चाळीस वर्षांनी, 1931 साली, पोप अकरावे पायस यांनी 'क्वाद्राजेसिमो आन्नो' लिहून तीच शिकवण पुढे नेली. 'सोन्याचा कळस' त्यानंतर वर्षभराने आले. मामांनी ही परिपत्रके वाचली होती असे आम्हांस मुळीच सुचवावयाचे नाही. मामांचा मार्ग राष्ट्रीय सभेचा, गांधीजींच्या शिकवणीचा होता आणि त्यांचे प्रत्येक औषध आपल्याला मानवेल असेही नाही. परंतु दोन माणसे दोन दिशांनी चालत येऊन एकाच विहिरीपाशी पोहोचली, तर विहीर खरी आहे एवढे तरी कळते. 2025 च्या मे महिन्यात निवडून आलेल्या पोप महाशयांनी 'चौदावे लिओ' हे नाव घेतले, ते या जुन्या परिपत्रकाची आठवण ठेवूनच, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे.

मुंबईच्या त्या गिरण्या आता उरल्या नाहीत. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपानंतर त्या एकामागून एक बंद पडल्या आणि त्यांच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. मग 'धावता धोटा' आता जुना झाला काय? खानापूर रस्त्याने सकाळी आमच्या मच्छे गावाच्या औद्योगिक वसाहतीकडे पाहावे. फौंड्रीत, लेथवर, पॅकिंगला जाणारी माणसे डबा घेऊन चालली आहेत. त्यांत आपल्या मिस्सेला येणाऱ्या मुली आहेत. पलीकडे विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे आवार आहे. तेथून इंजिनियर बाहेर पडतात, आणि इकडे त्याच वयाची मुलगी कंत्राटदाराच्या वहीत अंगठ्याएवढी सही करून रोजावर जाते. रविवारी पाळी लागली म्हणून मिस्सा चुकली, असे ती पापनिवेदनात सांगते तेव्हा तिला काय उत्तर द्यावे? तिच्या पापाचा हिशेब कोणाच्या नावे मांडावा? तिच्या पगारातून भविष्यनिर्वाह निधीची रक्कम कापली जाते की नाही, कापली तर भरली जाते की नाही, हे तिला ठाऊक नसते. आणि घरचे लोक विचारतात ते एवढेच, की पगार किती आणि कधी.

आता मामांच्या उणिवांविषयी. त्या सांगितल्या नाहीत तर वाचक पुस्तक उघडून आमच्यावरच रागावतील. मामांची पात्रे पुष्कळदा कादंबरीत नसून रंगमंचावर उभी असल्यासारखी बोलतात. दोन माणसे खोलीत बसली की प्रत्येकाच्या तोंडी अर्ध्या पानाचे भाषण येते आणि वाचकाला नकळत पडदा कधी पडतो याची वाट पाहावी लागते. योगायोग फार. लेखक स्वतः मध्येच येऊन आपले मत ठासून सांगतो. ते पात्राच्या वागण्यातून कळण्याची वाट पाहण्याइतका धीर त्यास नाही. लिखाण अफाट, आणि अफाट लिहिणाऱ्याचे सगळेच निवडलेले नसते. रहस्यकथाही त्यांनी ढिगाने लिहिल्या. त्या वेळ घालविण्यापलीकडे फारशा उपयोगाच्या नाहीत, निदान आमच्या मते. परंतु भाषणांचा हा दोष गावाकडच्या वाचनाला गुणासारखा उपयोगी पडतो. ज्या घरात एक जण वाचतो आणि चौघे ऐकतात, तेथे संवाद हवेत. वर्णनाची पाने ऐकताना आजी पेंगते. भांडणाचा संवाद सुरू झाला की ती उठून बसते.

त्यांच्या लघुकथांतही हीच संवादांची हातोटी आहे आणि तेथे भाषणाला जागा कमी असल्याने ती अधिक खुलते. जे आकाराला बिचकतात त्यांनी कथांपासून आरंभ करावा. बंगालीतून त्यांनी केलेल्या अनुवादांचाही उल्लेख केलाच पाहिजे. शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांच्या कथा-कादंबऱ्या मामांनी मराठीत आणल्या आणि मराठी घरांतून शरदबाबू जणू आपल्याच गावचे झाले. शरदबाबूंची स्त्री सोसते, मामांची स्त्री उत्तर देते. ज्याने दुसऱ्याच्या सोसणाऱ्या बायकांची एवढी पाने स्वतःच्या हाताने उतरविली, त्याच्या स्वतःच्या बायका बोलक्या झाल्या, यात आम्हांस नवल वाटत नाही.

आपल्या सीमाभागात एक निराळीच अडचण आहे. मुले इंग्रजी किंवा कन्नड शाळेत जातात, आणि दोन्ही भाषा त्यांना यावयासच हव्यात. प्रार्थना घरी कोकणीत किंवा मराठीत. परिणामी मराठी बोलता येते, पण दोनशे पानांचे मराठी पुस्तक समोर आले की मूल घाबरते. म्हणून मोठ्यांनी मोठ्याने वाचणे हाच उपाय. संध्याकाळच्या रोझरीनंतर पंधरा मिनिटे पुरतात. वाचणारा दमला की मुलाच्या हाती पुस्तक द्यावे. अडेल तेथे आजी सांगेल.

ही पुस्तके दुकानांतून सहज मिळत नाहीत. बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयासारख्या जुन्या वाचनालयांत चौकशी करावी. जुन्या घरांच्या माळ्यांवरही एखादी प्रत पडलेली असते. कोणाकडे 'विधवाकुमारी' निघाली तर ती रद्दीत घालू नये, आम्हांस आणून दाखवावी. आमच्या कपाटात 'धावता धोटा' आहे. रविवारच्या दुसऱ्या मिस्सेनंतर नाव लिहून ती तीन आठवड्यांसाठी नेता येईल. बांधणी सैल झाली आहे, तेव्हा लहान मुलांच्या हाती देऊ नये, आणि पाने दुमडू नयेत; खुणेसाठी दोरा आहे.